ट्रकच्या डिझेल इंजिनाची झीज आणि पुनर्बांधणी

ट्रकच्या डिझेल इंजिनाची झीज म्हणजे दीर्घकाळ चाललेल्या इंजिनातील सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे, झडपा आणि इंधन फवारणारे भाग एकमेकांवर घासून त्यांच्यातील ठरावीक अंतरे वाढत जाणे होय. अशा इंजिनाची शक्ती घटते, इंधन व इंजिन ऑइल यांचा खप वाढतो आणि धूर दिसू लागतो. झिजलेले भाग मोजून, बदलून किंवा पुन्हा मापात आणून इंजिन नव्याने जोडण्याच्या प्रक्रियेला पुनर्बांधणी किंवा ओव्हरहॉल म्हणतात. वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात यालाच 'इंजिन बांधणे' असे म्हटले जाते. झिजलेले इंजिन योग्य देखभालीने बराच काळ चालवता येते. मात्र काही लक्षणे दिसल्यानंतरही ते तसेच चालवल्यास दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

पार्श्वभूमी

डिझेल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा साधारणपणे मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या भागापर्यंत दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणूनच पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांमधून हवा गळू लागली की इंजिनाच्या कार्याचा पायाच ढासळतो. थंडीत इंजिन सुरू न होणे हे त्याचे पहिले लक्षण असते.

भारतात टेल्को (आताची टाटा मोटर्स) या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रकनिर्मिती सुरू केली. डाइमलर-बेंझच्या ओएम ३५२ या इंजिनाच्या धर्तीवरील टाटा ६९७ हे इंजिन अनेक दशके भारतीय रस्त्यांवर चालले. त्याच्या नावातील ६ हा अंक सिलिंडरांची संख्या, तर ९७ हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. या पिढीतील इंजिनांची रचना यांत्रिक होती आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळत. त्यामुळे एकच इंजिन अनेकदा खोलून बांधण्याची पद्धत देशभरातील वाहनतळांजवळच्या गॅरेजांत रूढ झाली.

इंजिनाच्या अपेक्षित आयुष्यासाठी उत्पादक 'बी-१०' ही संज्ञा वापरतात. ज्या अंतरापर्यंत १० टक्के इंजिनांना मोठ्या दुरुस्तीची गरज पडेल, ते अंतर म्हणजे बी-१० आयुष्य. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या जड ट्रकांच्या इंजिनांसाठी १० लाख मैल, म्हणजे सुमारे १६ लाख किमी, हा आकडा सांगितला जातो. तथापि धुळीचे रस्ते, घाट, अतिभार आणि उभ्या ट्रकमध्ये चालू ठेवलेले इंजिन यांमुळे प्रत्यक्ष आयुष्यात मोठा फरक पडतो. त्यामुळे केवळ किलोमीटरच्या आकड्यावरून इंजिनाची अवस्था ठरवता येत नाही.

झिजेची कारणे

सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी नसते. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थांबतो त्या पट्ट्यात तापमान व दाब सर्वाधिक, तर ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो. त्यामुळे सिलिंडर वरच्या बाजूला अधिक झिजून निमुळता होतो आणि रिंगा जेथे पोहोचत नाहीत तेथे न झिजलेल्या धातूची कड उरते. पिस्टनचा दाब भिंतीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर अधिक पडत असल्याने सिलिंडरचे वर्तुळही किंचित लंबगोल बनते.

झिजेची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

- धूळ : एअर फिल्टर फाटलेला असल्यास किंवा त्यापुढील रबरी नळी सैल असल्यास सूक्ष्म वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते व घासकागदासारखे काम करते. अशा गळतीने चांगले इंजिनही थोड्या काळात निकामी होते.
- थंड अवस्थेतील चालन : इंजिन पुरेसे तापले नाही तर ज्वलनातून निर्माण होणारी वाफ व गंधकाची संयुगे भिंतीवर आम्लरूपाने साचतात. तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट काढून टाकल्यास इंजिन 'थंड राहते' असा समज आहे. प्रत्यक्षात त्यामुळे झीज वाढते.
- दूषित ऑइल : काजळी, धातूचे कण, डिझेल किंवा पाणी मिसळलेले ऑइल आपला संरक्षक थर टिकवू शकत नाही.
- भेसळयुक्त इंधन : रॉकेल मिसळलेल्या डिझेलची वंगणक्षमता कमी असते. त्यामुळे इंधनपंपाचे व नोझलचे अतिशय काटेकोर मापाचे भाग झिजतात.
- कूलंटकडे दुर्लक्ष : ज्या इंजिनांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागते, तेथे लायनरच्या कंपनामुळे पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात व धातूला बारीक खड्डे पडतात. कूलंटमधील योग्य रसायने हे रोखतात. साधे पाणी ते करू शकत नाही.

लक्षणे

धुराचा रंग हे सर्वांत परिचित लक्षण आहे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे दर्शवतो. ते झिजलेल्या रिंगा, झडपांचे मार्गदर्शक किंवा टर्बोचार्जरचे सील यांपैकी कोठूनही येऊ शकते. काळा धूर हवेच्या तुलनेत इंधन जास्त झाल्याचे चिन्ह असून त्यामागे तुंबलेला एअर फिल्टर, खराब नोझल किंवा पंपाचे चुकीचे समायोजन असू शकते. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याचा असतो. म्हणजेच प्रत्येक धूर हा इंजिन बांधण्याची वेळ आल्याचा पुरावा नसतो. नोझल बदलून थांबणाऱ्या काळ्या धुरासाठी संपूर्ण इंजिन खोलणे हा मोठा अनाठायी खर्च ठरतो.

रिंगांतून गळलेले वायू क्रँककेसमध्ये जाऊन श्वासनलिकेतून बाहेर पडतात. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून जोराने धूर येत असेल तर ही गळती वाढलेली असते. तप्त इंजिन मंद गतीत असताना ऑइलचा दाब घसरणे व खालच्या बाजूने जड ठोके ऐकू येणे ही बेअरिंग झिजल्याची लक्षणे आहेत. ऑइलची पातळी आपोआप वाढत असल्यास त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा लागतो. पाणी मिसळलेले ऑइल दुधाळ दिसते.

तपासणी

इंजिन खोलण्यापूर्वी त्याची अवस्था मोजता येते. कॉम्प्रेशन चाचणीत प्रत्येक सिलिंडरमधील कमाल दाब नोंदवला जातो. एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. सर्व सिलिंडरांचा दाब सारखाच कमी असल्यास सर्वसाधारण झीज, तर एखाद्याच सिलिंडरचा दाब कमी असल्यास तुटलेली रिंग, जळालेली झडप किंवा हेड गॅस्केटमधील गळती संभवते. गळती चाचणीत सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडतात. हवेचा आवाज श्वासनलिकेतून आल्यास रिंगा, धुराड्यातून आल्यास बाहेर सोडणारी झडप आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आल्यास गॅस्केट किंवा हेड सदोष असते.

मोठे वाहनताफे बाळगणाऱ्या संस्था वापरलेल्या ऑइलचे प्रयोगशाळेत विश्लेषण करून घेतात. त्यातील सिलिकॉनचे वाढते प्रमाण धूळ शिरत असल्याचे, लोहाचे प्रमाण सिलिंडर व इतर पोलादी भागांच्या झिजेचे, तर शिसे व तांबे यांचे प्रमाण बेअरिंग झिजल्याचे सूचित करते. एकाच नमुन्यापेक्षा सलग नमुन्यांतील बदल अधिक बोलका असतो.

झिजलेले इंजिन चालू ठेवणे

पुनर्बांधणीचा खर्च मोठा असतो आणि त्या काळात ट्रक उभा राहिल्याने उत्पन्न थांबते. एकाच ट्रकवर कुटुंबाचा चरितार्थ आणि कर्जाचे हप्ते अवलंबून असलेल्या मालकासाठी हा निर्णय विशेष कठीण असतो. त्यामुळे झिजलेले इंजिन शक्य तितके चालवण्याकडे कल असतो. त्यासाठीचे सर्वांत परिणामकारक उपाय साधे आहेत : हवेचा मार्ग पूर्ण बंदिस्त ठेवणे, ऑइल व फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलणे, ऑइलची पातळी रोज पाहणे, थर्मोस्टॅट व कूलंट योग्य ठेवणे, झडपांचे टॅपेट अंतर तपासणे आणि नोझल व पंपाचे समायोजन करून घेणे. चढावर वेळीच खालचा गिअर टाकल्याने इंजिनावरील ताण व तापमान दोन्ही आटोक्यात राहतात.

काही उपाय केवळ लक्षण झाकतात. १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल वापरल्यास दाब थोडा वाढतो व ऑइलचा खप काहीसा घटतो, पण बेअरिंगमधील वाढलेले अंतर तसेच राहते. शिवाय थंड इंजिनात जाड ऑइल सर्व भागांपर्यंत पोहोचण्यास उशीर लागतो. शक्ती भरून काढण्यासाठी पंपातून इंधन वाढवल्यास धूर आणि पिस्टनचे तापमान वाढते. सुरू न होणाऱ्या इंजिनात ईथरची फवारणी केल्यास अवेळी होणाऱ्या तीव्र ज्वलनामुळे रिंगा व पिस्टन तुटू शकतात.

पुढे ढकलता न येणारी लक्षणे

धुरासह चालणारे इंजिन महिनोन्‌महिने चालू शकते. बेअरिंगचा ठोका मात्र वाट पाहत नाही. बेअरिंगवरील मऊ धातूचा थर संपल्यावर क्रँकशाफ्ट थेट कठीण पृष्ठभागावर घासतो. त्यानंतर बेअरिंग जागेवरून फिरते आणि कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो. बेअरिंगचा संच तुलनेने स्वस्त असतो. क्रँकशाफ्ट आणि ब्लॉक गमावणे म्हणजे बहुधा इंजिनच गमावणे होय. म्हणून ऑइलच्या दाबाचा दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करणे आवश्यक असते.

दुसरा धोका इंजिन अनियंत्रित होण्याचा आहे. टर्बोचार्जरचे सील निकामी झाल्यास किंवा क्रँककेसमधील ऑइलची वाफ हवेच्या मार्गात शिरल्यास इंजिन स्वतःच्याच ऑइलवर चालू लागते. अशा वेळी डिझेलचा पुरवठा बंद करूनही त्याची गती वाढतच जाते. ते थांबवण्यासाठी हवेचा मार्ग बंद करावा लागतो. मात्र हे काम उघड्या हाताने करणे अत्यंत धोकादायक आहे आणि अति गतीने इंजिन फुटण्याची शक्यता असल्याने त्याच्या जवळ थांबणेही सुरक्षित नसते.

पुनर्बांधणीची प्रक्रिया

गॅरेजच्या भाषेत 'हाफ इंजिन' व 'फुल इंजिन' असे भेद केले जातात. स्थूलमानाने पहिल्यात पिस्टन, रिंगा, लायनर व झडपांचे काम होते, तर दुसऱ्यात क्रँकशाफ्टसह संपूर्ण इंजिन खोलले जाते. नेमके कोणते काम अंतर्भूत आहे हे ठिकाणानुसार बदलते.

प्रथम सर्व भाग धुऊन मायक्रोमीटर व डायल बोअर गेजने मोजले जातात. झिजलेले लायनर बदलतात किंवा सिलिंडर मोठ्या मापाला बोअर करतात. नंतर होनिंगद्वारे भिंतीवर ऑइल धरून ठेवणाऱ्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटवतात. निमुळत्या झालेल्या सिलिंडरमध्ये केवळ नव्या रिंगा बसवल्यास त्या प्रत्येक फेरीत उघडझाप होऊन लवकर निकामी होतात. वरची कड न काढल्यास पहिली रिंग तिच्यावर आदळून तुटू शकते. क्रँकशाफ्टचे घासलेले भाग बहुधा ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगे बसवली जातात. अर्थात हे किती वेळा करता येईल याला उत्पादकाने ठरवलेली मर्यादा असते. हेडची सपाटी व भेगा तपासून, ते मध्यापासून बाहेरच्या दिशेने ठरलेल्या क्रमाने व टॉर्कने आवळले जाते.

नव्याने बांधलेले इंजिन सुरुवातीला मध्यम भारावर चालवतात. दीर्घकाळ मंद गतीत चालू ठेवल्यास रिंगा भिंतीवर नीट बसत नाहीत, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि नवे इंजिनही ऑइल जाळू लागते. पहिले ऑइल लवकर बदलून घासलेल्या धातूचे कण बाहेर काढले जातात.

प्रदूषण आणि कायदा

भारतात ८ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनांना दर २ वर्षांनी, तर त्याहून जुन्या वाहनांना दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. डिझेल वाहनांच्या धुराची घनता हार्ट्रिज एककात मोजली जाते. बीएस-४ पूर्वीच्या वाहनांसाठी तिची मर्यादा ६५, तर बीएस-४ वाहनांसाठी ५० आहे. त्यामुळे इंजिनाची झीज ही केवळ मालकाच्या खर्चाची बाब राहत नाही. निळा व काळा धूर श्वासावाटे इतरांच्या शरीरातही जातो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर परिस्थिती आणखी बदलली. जुन्या यांत्रिक इंजिनांत नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडे, तर आधुनिक कॉमन रेल प्रणालीत इंधनाचा दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. झिजलेले इंजिन ऑइल जाळू लागल्यास त्याची राख धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साचून तो तुंबतो. त्यामुळे जुन्या इंजिनांत चालून जाणारी दिरंगाई नव्या इंजिनांत महाग पडते. साध्या अवजारांनी इंजिन बांधणाऱ्या कारागिरांनाही आता मापनाच्या उपकरणांबरोबर संगणकीय निदान शिकणे आवश्यक झाले आहे.