मधल्या वेळेतलं भोर

परिषद कुठल्याही विषयाची असो, तिची कार्यक्रमपत्रिका हातात आली की एक गोष्ट ध्यानात येते. उद्घाटन, बीजभाषण, चहापान, पहिलं सत्र, भोजन, दुसरं सत्र, पुन्हा चहापान, समारोप. चहा आणि जेवण सोडलं तर माणसाला जागचं उठू द्यायचं नाही, अशी आयोजकांनी जणू शपथच घेतलेली असते. गळ्यात नावाचा बिल्ला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पेन आणि कोरी वही. दोन दिवसांनी पाहुणा घरी परततो. घरची मंडळी विचारतात, "गाव कसं होतं हो?" तो म्हणतो, "हॉल छान होता!"

बँकेच्या नोकरीत अशा परिषदा, कार्यशाळा आणि प्रशिक्षणवर्ग माझ्या वाट्याला पुष्कळ आले. तिथे कोण काय बोललं, यातलं आता फारसं काही आठवत नाही. आठवतात ते त्या गावांचे बाजार, नदीचे घाट, आणि संध्याकाळी सत्र चुकवून एखाद्या सहकाऱ्याबरोबर घेतलेला कटिंग चहा. परदेशात परिषदेला जाऊन आलेले मित्र सांगतात, की तिथे पिशवीतून पहिल्यांदा बाहेर येतो तो जुन्या गावाचा नकाशा. कुठून निघावं, काय पाहावं, कुठे बसावं, किती वेळ लागेल, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. पायी फिरण्याजोगं गाव ही आपली शिल्लक आहे, हे त्या लोकांना कळलं आहे. आपल्याकडे अशी शिल्लक नाही असं नाही. आपण पासबुक उघडून पाहत नाही, इतकंच.

पुण्याहून सातारा रस्त्यानं निघालं आणि कापूरहोळला वळलं, की भोर येतं. पुण्यापासून अंतर पन्नासेक किलोमीटर. शिक्षकांचं प्रशिक्षण, पतसंस्थांची कार्यशाळा, इतिहासप्रेमींचा मेळावा अशा निमित्तानं या बाजूला माणसं येत असतात. त्यांच्यापैकी ज्याच्या हाती दोन-तीन तास मोकळे असतील, त्याच्यासाठी हा लेख. आणि ज्या आयोजकांनी ते दोन-तीन तास मोकळे ठेवलेले नसतील, त्यांच्यासाठी तर खासच.

पत्रं तपासणाऱ्याची राजधानी

२०११च्या जनगणनेत भोरची वस्ती अठरा हजारांच्या आसपास होती. गाव एवढं आटोपशीर, की रमतगमत चाललं तरी या टोकापासून त्या टोकाला जायला फार वेळ लागत नाही. वाहनाची गरजच नाही. उलट वाहन असलं तर ते लावायचं कुठे हीच पंचाईत. एसटी स्टँडवर उतरून कुणालाही राजवाडा विचारावा. "हा काय, असंच सरळ जा," असं उत्तर येईल. भोरमध्ये सगळं 'असंच सरळ' असतं.

भोर हे पंतसचिवांचं संस्थान. अष्टप्रधानांतल्या सचिवाला सुरनीसही म्हणत. राजपत्रं बारकाईनं तपासायची, मजकुरात कमीअधिक असेल ते दुरुस्त करायचं, महाल-परगण्यांचे हिशेब पाहायचे, हे त्याचं काम. थोडक्यात, आजच्या भाषेत कागद बघणारा अधिकारी. परिषदेला येणारे निम्मे लोक याच जातकुळीतले असतात! छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालं. मोगलांशी चाललेल्या त्या जीवघेण्या झुंजीत त्यांनी या मावळातले किल्ले राखण्यासाठी आणि गेलेले परत मिळवण्यासाठी लेखणीबरोबर तलवारही चालवली. भोर संस्थानाचे ते मूळ पुरुष.

त्यांचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. शंकराजींनी निष्ठेची शपथ घेतली होती ती महाराणी ताराबाईंना. समोर उभा होता तो संभाजीराजांचा मुलगा. शब्द मोडावा की हक्क नाकारावा, या कोंडीतून वाट दिसेना, आणि भोरजवळच्या आंबवड्याला त्यांनी आपला देह संपवला, असं सांगितलं जातं. शाहू महाराजांनी पुढे सचिवपद त्यांच्या अल्पवयीन मुलाकडेच ठेवलं. शंकराजींची समाधी आंबवड्याला आहे. कागद तपासणाऱ्या माणसाला शब्दाची किंमत किती वाटावी, याचा हा दाखला. तो ऐकून मग राजवाड्यासमोर उभं राहावं.

आजचा राजवाडा १८६९ सालचा. दगड, विटा आणि सागवान यांचं भरभक्कम काम, प्रशस्त चौक, ओळीनं उभे लाकडी खांब, आणि मराठी वाड्याच्या अंगावर चढलेला थोडा विलायती साज. कित्येक चित्रपटांचं नि मालिकांचं चित्रीकरण इथे झालं आहे, त्यामुळे पहिल्यांदा येणारालाही तो ओळखीचा वाटतो. वाडा खाजगी मालकीचा आहे, हे विसरू नये. दारात चौकशी करून, परवानगी मिळाली तर आत जावं. नाही मिळाली तर बाहेरूनही पाहण्यासारखं पुष्कळ आहे. रामनवमीच्या सुमारास आलात तर भाग्य तुमचं. संस्थानी काळापासून चालत आलेला हा उत्सव अजून गावाचा उत्सव आहे. संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, राम मात्र विलीन झाला नाही.

राजवाड्याकडून बाजारपेठेत शिरावं. इथे खरेदी करायलाच हवी असं नाही, नुसतं बघत चालावं. विळे, कोयते, पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकच्या खोळी, दोर, पाट्या, बियाणं. डोंगरातल्या शेतकऱ्याला वर्षभरात काय काय लागतं, याची यादी दुकानांच्या दारातच टांगलेली असते. मे महिन्यात करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या मावशी भेटतात. त्यांच्याशी भाव करताना हात जरा आखडताच ठेवावा, म्हणजे घासाघीस करण्याचा हात! ती करवंदं काट्यांतून वेचलेली असतात. तांदूळ घ्यायचा तर इंद्रायणी घ्यावा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं काढलेलं हे वाण भोर-वेल्ह्याच्या खाचरांत असं रुजलं, की ते पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे असंच वाटतं. घरी नेलेल्या पाच किलो तांदळाचा वास परिषदेच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त दिवस टिकतो.

पेठेतून नीरा नदीकडे उतरावं. काठावर भोरेश्वराचं मंदिर आहे. दगडी पायऱ्यांवर बसून बूट-मोजे काढावेत, गळ्यातला बिल्ला खिशात टाकावा आणि निदान पंधरा मिनिटं काहीही करू नये. भोरदर्शनातला हा सर्वांत महत्त्वाचा कार्यक्रम आहे.

पाणी कुठलं, पितो कोण

परिषदेच्या टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची बाटली असते. निम्मी पिऊन बाकीची तशीच टाकून माणसं उठतात. भोरमध्ये येऊन असं करण्यापूर्वी शेजारचं भाटघर धरण पाहून यावं.

वेळवंडी नदीवर इथे पहिलं धरण झालं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मग त्याहून खूप मोठं, आज उभं आहे ते दगडी धरण १९२८ मध्ये पुरं झालं आणि मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव त्याला दिलं गेलं. आता जलाशयाला शिवरायांचे शूर सरदार येसाजी कंक यांचं नाव आहे. साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी इथे साठतं. नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी ते बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. तिकडचा ऊस, तिकडचे कारखाने, तिकडच्या सहकारी बँकांतल्या ठेवी, या साऱ्यांचा उगम शोधत गेलं तर माणूस भोरच्या डोंगरात येऊन पोचतो. त्याच डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. कार्यशाळेत 'समन्यायी विकास' या विषयावर तीन निबंध ऐकण्यापेक्षा धरणाच्या रस्त्यावरून अर्धा तास चाललं, तर तो विषय लवकर कळेल.

मे-जूनमध्ये पाणी अगदी तळाला गेलं, की या जलाशयातून एक जुनं देऊळ वर येतं. वेल्ह्याच्या हद्दीतल्या कांबरे गावचं कांबरेश्वराचं मंदिर. वर्षातले बहुतेक महिने महादेव पाण्याखाली, आणि उन्हाळ्याचे थोडे दिवस दर्शनाला मोकळा. त्या दिवसांत आसपासची माणसं भेगाळलेल्या गाळातून चालत तिथे जातात. पर्यटकांना ते नवल वाटतं. धरणात ज्यांच्या पूर्वजांची शेतं गेली, त्यांना ते माहेरी गेल्यासारखं वाटत असावं.

बूट असतील तसं पाहावं

आता वेल्ह्याकडे वळू. भोरचा हा सख्खा शेजारी. लोकवस्ती २०११ मध्ये साऱ्या तालुक्याची मिळून चोपन्न हजारांच्या आसपास. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत लहान तालुका. आता त्याचं नाव बदलून 'राजगड' ठेवण्यात आलं आहे. हे नाव काही अगदीच नवं नव्हे. भोर संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे भोरजवळचा रोहिडा. संस्थान गेलं तेव्हा कागदावरून पुसलं गेलेलं एक नाव पाऊणशे वर्षांनी परत कागदावर आलं. सुरनिसाला समाधान वाटलं असतं!

वेल्हे गाव तोरण्याच्या ऐन पायथ्याशी आहे. स्वराज्याचा पहिला किल्ला म्हणून शिवचरित्रात येतो तो हाच तोरणा. शेजारचा राजगड ही पाव शतकाच्या आसपास शिवरायांची राजधानी. 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानं युनेस्कोनं २०२५ मध्ये जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. पण दुपारच्या जेवणानंतर, चामड्याचे बूट घालून, "चला, राजगड करून येऊ" असं म्हणण्याचा तो किल्ला नव्हे. गुंजवण्याकडून किंवा पालीकडून चढायचं तर अख्खा दिवस हवा, पायांत जोर हवा आणि पाठीवर पाणी हवं. मोकळे दोनच तास असतील तर खालूनच पाहावं. नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर हे किल्ले डोंगररांगांतून डोकं वर काढतात, तिथे गाडी बाजूला घेऊन उभं राहावं. राजधानीसाठी हीच जागा का निवडली असेल, याचं उत्तर खालून जास्त चांगलं कळतं. वेल्ह्यात पिठलं-भाकरी सांगावी, तोरण्याकडे तोंड करून खावी आणि परतावं.

अर्धा दिवस हाताशी असला तर भोरजवळच्या आंबवड्याला जावं. संस्थानी काळातला झुलता पूल, नागेश्वराचं मंदिर, शंकराजींची समाधी, आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्याही समाध्या. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण ज्यांना पाठ आहे, त्यांनी ती लहान मुलांना इथेच समजावून सांगावी. पावसाळ्यात मात्र दोन पथ्यं पाळायची. धबधब्यात आणि धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, आणि महाडकडे जाणाऱ्या वरंधा घाटात शिरण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते विचारायचं. दरडी परिषदेचा बिल्ला पाहून थांबत नाहीत.

एवढं सगळं सांगण्याचं कारण केवळ हौस नव्हे. पायी चालण्याजोगं गाव आपोआप टिकत नाही. पाहुणे महामार्गावरच्या हॉलवरून परत फिरले, किल्ल्यांकडे जाणाऱ्या गाड्या गावाला वळसा घालून गेल्या, की पेठेतली गिऱ्हाइकी आटते. गिऱ्हाइकी आटली की वाड्याच्या मालकाला वाड्यापेक्षा त्याखालची जमीन मोलाची वाटू लागते, आणि त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही. लाकडी खांब आणि ओसऱ्या उतरवून तिथे काँक्रीटची इमारत उभी राहते. मग ते गाव कुठल्याही गावासारखं होतं, आणि पाहुण्याला ते न पाहण्याचं खरंच कारण मिळतं.

आयोजकांना म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पत्रिकेत दोन तास सरळ 'मोकळा वेळ' असं छापावं. पिशवीतल्या त्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर गावाचा साधा नकाशा काढावा. आणि गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला किंवा शिकत्या मुलीला पाहुण्यांबरोबर चालायला सांगावं, आणि त्याबद्दल नीट मानधन द्यावं. प्रमुख पाहुण्याच्या शाल-श्रीफळाला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात हे सहज बसेल. राहिला नगरपालिकेचा वाटा. पेठेतून चालायला धड जागा, स्वच्छ स्वच्छतागृह आणि दोन-चार ठिकाणी माहितीच्या पाट्या, एवढं तिनं करावं. पाहुण्याला याहून जास्त काही लागत नाही, आणि गावकऱ्यालाही तेच हवं असतं.

आणि पाहुण्यानं काय करावं? दुपारच्या सत्राला पेंग येऊ लागली की हळूच उठावं. मागच्या रांगेत बसणाऱ्याला हे सोपं जातं.