बस, लोकल, मेट्रोची माहिती एकाच ॲपवर कशी येते?

मुंबईत मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी ही स्थानकं पादचारी पुलाने जोडलेली आहेत. रोजच्या प्रवाशाला हे सांगावं लागत नाही. नवखा माणूस मात्र दोन वेगळी नावं वाचून गोंधळतो. त्यातून प्रभादेवीचं नाव २०१८पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. परळहून अंधेरीला जायचं तर पूल ओलांडून प्रभादेवीला लोकल पकडावी, हे ॲपलाही कोणीतरी आधी सांगावंच लागतं.

ते सांगण्याची जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे, जीटीएफएस. अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गुगल यांच्या कामातून ती २००५मध्ये आकाराला आली. त्यात असतात फक्त साध्या मजकुराच्या काही फाइल्स. एका फाइलमध्ये थांबे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, दुसरीत मार्ग, तिसरीत फेऱ्या, चौथीत कोणती फेरी कुठे किती वाजता पोहोचते ते. प्रत्येक संस्थेने आपलं वेळापत्रक या साच्यात दिलं की ॲप ती सगळी जोडून रस्ता शोधतं. रात्री १२:४०ची शेवटची गाडी इथे २४:४० अशी लिहितात, कारण ती आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातली असते!

खरं अडतं ते गाडी बदलण्याच्या जागी. नकाशावर दोन थांब्यांत शंभर मीटर अंतर दिसतं, पण मध्ये रूळ आणि भिंत असू शकते. कुठून कुठे चालत जाता येतं आणि किमान किती वेळ लागतो, याची वेगळी नोंद करायची सोय जीटीएफएसमध्ये आहे. पण ती करायची कोणी? रेल्वेला आपलं स्थानक माहीत, मेट्रोला आपलं. मधला पूल आणि त्याखालचा बस थांबा यांची जबाबदारी कोणा एकावर टाकल्याशिवाय ती ओळ कोरीच राहते.

दुसरा प्रश्न वेळेचा. वाहतूक कोंडीत बसचं वेळापत्रक कागदावरच राहतं. म्हणून २०११मध्ये गाड्यांची प्रत्यक्ष जागा आणि उशीर कळवणारी जोडपद्धत आली. दिल्लीत २०१८पासून बसगाड्यांची अशी माहिती सर्वांसाठी खुली आहे. त्याच वर्षी कोची मेट्रोनेही आपली माहिती खुली केली.

आणि हे काम एकदा करून संपत नाही. फाइलमधल्या वेळापत्रकाला शेवटची तारीख असते. ती उलटण्याआधी नवी फाइल आली नाही, तर रस्त्यावर धावणारी बस ॲपवरून नाहीशी होते.