कोपऱ्यातली फुलं



जयगडात जिने आजीच्या लुगड्यांची वाकळ पांघरली आहे, तिला भिंतीवर टांगलेली गोधडी पाहून हसूच येईल. पण निसर्गातून सुचलेल्या गोधड्यांची प्रदर्शने हल्ली भरतात. कधी गेलात तर सिद्दी भगिनींची 'कवंदी' दिसते का ते पाहा.

सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो. हे सिद्दी निराळे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात ते राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी पुष्कळ जण निसटून त्या रानात गेले, त्यांचेच बहुतेक हे वंशज. बोली कोकणीच्या जवळची. कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान, कोणी हिंदू. अनुसूचित जमातीत त्यांची गणना 2003 साली झाली.

कवंदीसाठी जुनी साडी अंथरतात. एका कोपऱ्यापासून कडेकडेने चिंध्या लावत, साधा धावदोरा घालत, फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. आधी नक्षी आखलेली नसते. कोणत्या रंगाशेजारी कोणता, हे शिवणारी हातातल्या चिंध्या पाहून तिथल्या तिथे ठरवते. ख्रिस्ती घरात कधी क्रूस येतो, मुसलमान घरात चंद्रकोर. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले तिकोनी तुकडे बसवतात, त्यांना 'फुला' म्हणतात, म्हणजे फुलंच. त्यांनी ऊब तसूभरही वाढत नाही, तरी त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. थंडीत आपण पाड्यावर ब्लँकेटे वाटतो, फोटो काढतो. घेणाऱ्या बाईला ऊब हवी, एवढेच आपण धरून चालतो. तिला फूलही हवे असते आणि ते ती स्वतः करू शकते, हे आपल्या यादीत कुठेच नसते.

2004 मध्ये अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात या कवंद्या मांडल्या गेल्या. घरी नातवंडांच्या अंगावर असतात त्याच.

प्रदर्शनात परवानगी मिळाली तर कोपरा उलटून मागची बाजू पाहा. तिथे टाक्यांच्या ओळी नीट दिसतात. किंमत ऐकून घासाघीस करू नका. मजुरी आणि घरकाम सांभाळून घातलेले ते टाके आहेत. आणि शिवणवर्गाला कपडे पाठवाल तर सुतीच पाठवा. नायलॉन सुईखालून सटकतो.