जुन्या यंत्राला नवी ओळख

वस्तू जुनी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा तिचा नेमका कोणता भाग जुना झालेला असतो? बैलगाडीचे चाक झिजते, छत्रीची काडी मोडते, धोतर विरते. हे जुनेपण डोळ्यांना दिसते. संगणकाच्या बाबतीत मात्र एक निराळे जुनेपण आढळते. यंत्र धडधाकट असते, वीजपुरवठा उत्तम असतो, पंखे नीट फिरत असतात. तरीही बाजारात नव्याने आलेला एखादा सुटा भाग त्यात बसवला, की यंत्र त्याची दखलच घेत नाही. तो भाग काय आहे आणि त्याच्याशी कसा व्यवहार करावा, हे त्या यंत्राला कोणी सांगितलेलेच नसते. हे सांगण्याचे काम ‘फर्मवेअर’ करते. या फर्मवेअरचा आणि त्यात बदल करून जुन्या यंत्राला नव्या भागांची ओळख कशी करून देता येते याचा परिचय आपण या पाठात करून घेऊ.

संगणकाचे जे घटक हाताला लागतात त्यांना हार्डवेअर म्हणतात, आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलींना सॉफ्टवेअर. या दोहोंच्या सीमेवरील आज्ञावलीसाठी ‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ओपलर या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली वापरला. ‘फर्म’ म्हणजे घट्ट, सहजी न हलणारे. संगणकाच्या मुख्य पटलावर, म्हणजे मदरबोर्डवर, करंगळीच्या नखाएवढी एक चिप असते. तिला बहुधा आठ पाय असतात. वीज बंद केली तरी या चिपमधील मजकूर पुसला जात नाही. संगणकाचे फर्मवेअर येथेच मुक्कामाला असते.

आपण संगणकाचे बटण दाबतो तेव्हा प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. आपल्यासमोर स्मृती किती आहे, पडदा कोठे आहे, माहिती साठवणारी डिस्क कोणती आहे, यांपैकी कशाचीही त्याला कल्पना नसते. त्याला एवढेच ठाऊक असते, की एका ठरावीक पत्त्यावर जायचे आणि तेथे लिहिलेली पहिली आज्ञा वाचायची. तो पत्ता त्याला फर्मवेअरच्या चिपकडे नेतो. तेथील आज्ञांनुसार आधी स्मृती कामास लावली जाते, मग जोडलेल्या भागांची एकेक करून हजेरी घेतली जाते, आणि अखेरीस विंडोज किंवा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीच्या हाती सारा कारभार सोपवला जातो. ज्या भागाचे नाव या हजेरीपटात नाही, तो वर्गात बसलेला असूनही गैरहजर ठरतो.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात हे काम करणाऱ्या फर्मवेअरला ‘बायोस’ म्हणत. पुढे संगणकांची झेप वाढली आणि बायोसची चौकट अपुरी पडू लागली. इंटेलने तयार केलेल्या नव्या चौकटीच्या आधारे २००५ साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन ‘यूईएफआय’ या मानकाचे काम हाती घेतले. बोलताना मात्र आजही अनेक जण त्याला बायोसच म्हणतात. यूईएफआयचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ते एकसंध नसून सुट्या प्रकरणांचे बनलेले असते. कळफलकासाठी एक प्रकरण, जाळ्याशी जोडणीसाठी दुसरे, डिस्कसाठी तिसरे. त्यामुळे चिपमध्ये जागा शिल्लक असेल, तर एखादे नवे प्रकरण त्यात घालणे शक्य होते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अभियांत्रिकी आराखडे, चित्रपटांतील सचेतपट, वैज्ञानिक आकडेमोड अशा अवजड कामांसाठी जो विशेष मजबूत संगणक बांधला जातो त्याला ‘वर्कस्टेशन’ म्हणतात. एचपी कंपनीचे झेड ६२० हे २०१२ साली आलेले असेच एक वर्कस्टेशन. त्यात इंटेलचे झिऑन ई५-२६०० या मालिकेतील दोन प्रोसेसर बसत. त्या मालिकेतील प्रोसेसरमध्ये जास्तीत जास्त ८ गाभे असत. सप्टेंबर २०१३ मध्ये या मालिकेची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात १२ गाभ्यांपर्यंतचे प्रोसेसर होते आणि त्यांची बैठक पूर्वीचीच होती. म्हणजे नवा प्रोसेसर जुन्या जागी अगदी बिनचूक बसत होता. तरीही सुरुवातीच्या काळात बनलेली झेड ६२० यंत्रे या प्रोसेसरनिशी सुरूच होत नसत.

याचे कारण फर्मवेअरच्या अगदी पहिल्या भागात होते. या भागाला ‘बूट ब्लॉक’ म्हणतात. सुरुवातीच्या यंत्रांच्या बूट ब्लॉकवर २८ डिसेंबर २०११ ही तारीख होती, तर नंतरच्या यंत्रांवर ६ मार्च २०१३. पहिल्या तारखेचा बूट ब्लॉक नव्या प्रोसेसरला ओळखत नसे, दुसऱ्या तारखेचा ओळखत असे. कंपनी वेळोवेळी फर्मवेअरच्या सुधारित आवृत्त्या देई. परंतु नेहमीच्या मार्गाने त्या बसवताना बूट ब्लॉकला हात लावला जात नसे. तो भाग लेखनापासून मुद्दाम सुरक्षित ठेवलेला होता, कारण तोच बिघडला तर यंत्राला पुन्हा उभे राहण्यास आधारच उरत नाही. काही जाणकार हौशी तंत्रज्ञांनी मात्र जुन्या यंत्रांतील बूट ब्लॉकच्या जागी २०१३ चा बूट ब्लॉक लिहून दाखवला, आणि १६ गाभ्यांचे यंत्र २४ गाभ्यांचे होऊ शकले. एकही खिळा किंवा तार बदलली नव्हती. बदलल्या होत्या त्या काही आज्ञा.

दुसरे उदाहरण डिस्कचे. माहिती वेगाने साठवण्यासाठी ‘एनव्हीएमई’ या मानकाची पहिली आवृत्ती २०११ साली प्रसिद्ध झाली. पूर्वीच्या साटा जोडणीची मर्यादा सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाइट होती. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिका वापरणारी एनव्हीएमई डिस्क त्याच्या पाचपटींहून अधिक वेग गाठू शकते. अशी डिस्क जोडकार्डाच्या साहाय्याने जुन्या मदरबोर्डवरही बसते आणि कार्यप्रणाली सुरू झाल्यावर चालतेही. परंतु कार्यप्रणालीच त्या डिस्कवर ठेवली, तर यंत्र सुरू होत नाही. कारण २०१४ पूर्वीच्या बहुतेक मदरबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये एनव्हीएमईचे प्रकरणच नसते. ते प्रकरण यूईएफआयच्या संचात घातले, की हीच डिस्क हजेरीपटावर येते.

हे वाचून कोणालाही हा उद्योग सोपा वाटेल. तो तसा नाही. येथे सर्वांत मोठे महत्त्व आहे ते मूळ प्रत जपण्याला. चिपमधील मजकूर प्रथम वाचून घ्यावा लागतो, तोही एकदा नव्हे, दोन-तीनदा. मग त्या प्रती परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात. त्यांत एका अक्षराचाही फरक आढळला, तर वाचनातच दोष आहे असे समजून थांबावे लागते. प्रती तंतोतंत जुळल्या म्हणजे त्यांपैकी एक दुसऱ्या यंत्रावर सुरक्षित ठेवायची आणि बदल दुसऱ्या प्रतीवर करायचा. बदललेला मजकूर चिपवर लिहिल्यानंतर तो पुन्हा वाचून पडताळायचा. मराठी वाचकाला ही शिस्त अपरिचित नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती निरनिराळ्या प्रती ताडून पाहूनच. नकलाकारांच्या हातून शिरलेले दोष काढताना मूळ ग्रंथाला धक्का लागू नये, ही त्यांची चिंता होती. पोथी असो की फर्मवेअर, बदल करणाऱ्याची पहिली जबाबदारी मूळ पाठाशी असते.

आणखीही पथ्ये आहेत. प्रत्येक मदरबोर्डच्या चिपमध्ये त्या यंत्राचा अनुक्रमांक, जाळ्यावरील त्याचा पत्ता अशी केवळ त्याचीच अशी माहिती असते. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रातील मजकूर जशाच्या तसा उचलून आपल्या यंत्रात ओतणे चुकीचे ठरते. लेखन चालू असताना वीज गेली, तर यंत्र अर्धवट आज्ञांसह निपचित पडू शकते. अशा वेळी चिपच्या पायांना चिमटा लावून बाहेरच्या उपकरणाने मूळ प्रत पुन्हा लिहावी लागते. काही चिपा ३.३ व्होल्टवर चालतात, तर काही १.८ व्होल्टवर, व्होल्टची गल्लत झाली तर चिपच निकामी होऊ शकते. म्हणून शहाणा तंत्रज्ञ आधी सौम्य उपाय शोधतो. एनव्हीएमईचे प्रकरण फर्मवेअरमध्ये न घालता यूएसबी काडीवर ठेवूनही यंत्र सुरू करता येते. सॅमसंग ९५० प्रोसारख्या काही मोजक्या डिस्कवर तर जुन्या बायोसला समजेल अशी आज्ञावली आधीच होती. हे साधले, तर शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

या बदलाला मर्यादाही आहेत. फर्मवेअर यंत्राला नवी ओळख देऊ शकते, नवे अवयव देऊ शकत नाही. ज्या प्रोसेसरची बैठकच निराळी आहे, जो पटलाला पेलणार नाही इतकी वीज मागतो, त्याला कोणतीही आज्ञावली तेथे नांदवू शकणार नाही.

मग कंपन्या हे दार सर्वांना खुले का ठेवत नाहीत? त्यामागे निव्वळ व्यापारी हिशेब असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘सीआयएच’ नावाच्या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरातील असंख्य संगणकांवर घाला घातला. तो डिस्कवरील माहिती नष्ट करी आणि शक्य तेथे बायोसचा मजकूरही पुसून टाकी. २०१८ साली ‘लोजॅक्स’ हा यूईएफआयमध्ये दडून बसणारा घातक कार्यक्रम उघडकीस आला. कार्यप्रणाली नव्याने बसवली किंवा डिस्क बदलली, तरी तो यंत्रातून जात नसे. जो पहिल्या आज्ञेवर ताबा मिळवतो, तो पुढच्या साऱ्या आज्ञांवर ताबा मिळवतो. म्हणून फर्मवेअरवर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी तपासण्याची पद्धत आली. २०१३ पासून इंटेलच्या ‘बूट गार्ड’ या योजनेत ही तपासणी प्रोसेसरच्या पातळीवर होऊ लागली. जेथे ती कायमची लागू केलेली असते, तेथे बदललेले फर्मवेअर यंत्र स्वीकारत नाही, मग बदल करणारा चोर असो की यंत्राचा मालक.

खरा पेच येथे आहे. कुलूप चोराला अडवते, तसेच घरधन्यालाही. निर्माता जोवर सुधारित आवृत्त्या देत असतो तोवर मालकाला त्याची झळ लागत नाही. त्याने हात काढून घेतला, की धडधाकट यंत्रही हळूहळू परके होत जाते. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेही अशाच चिंतेतून. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेला संगणक विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. त्याच्या दृष्टीने यंत्राची आणखी पाच वर्षे म्हणजे शिक्षणाची पाच वर्षे असतात.

सुरक्षितता आणि मालकी यांपैकी एकीचा बळी देऊन हा पेच सुटणार नाही. यंत्रासमोर प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या मालकाला, पूर्ण जाणिवेने आणि मूळ प्रत जपून, आपल्या यंत्राच्या पहिल्या आज्ञेपर्यंत पोहोचता यावे. दूरवरून चोरपावलांनी येणाऱ्याला मात्र ते कदापि साधू नये. काही मदरबोर्डांवर लेखनाचे संरक्षण उठवण्यासाठी एक छोटी खुंटी असते. ती हलवण्यासाठी संगणकाची पेटी उघडावीच लागते, आणि जाळ्यावरून येणाऱ्या चोराला ते जमत नाही. असा मार्ग ठेवणे अशक्य नाही, हेच ती खुंटी दाखवून देते. आपल्या वस्तूच्या अंतरंगाची माहिती करून घेणे हा जसा मालकाचा हक्क आहे, तसेच त्या अंतरंगाला हात लावण्यापूर्वी त्याची जुळवणी समजून घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य पाळणाऱ्याच्या हाती जुने यंत्र लवकर भंगारात जात नाही.