स्त्रीरोग शस्त्रक्रिया, जननक्षमतारक्षक

स्त्रीच्या जननेंद्रियांतील रोगाचे निवारण करताना गर्भाशय, अंडवाहिन्या व अंडाशय यांचे कार्य शक्य तितके अबाधित ठेवण्याच्या हेतूने केलेल्या शस्त्रक्रियेस जननक्षमतारक्षक शस्त्रक्रिया म्हणतात. अशा पुष्कळशा शस्त्रक्रिया आता पोट मोठे न चिरता करता येतात. उदरभित्तीतील सु. ५ ते १० मिमी. रुंदीच्या छिद्रांतून दुर्बिणीसारखे उपकरण व लांब दांड्याची हत्यारे आत घालून केलेल्या पाहणीस अथवा शस्त्रक्रियेस उदरदर्शन किंवा लॅपरोस्कोपी, तर कोठेही छेद न घेता योनिमार्गाने गर्भाशयाच्या पोकळीत बारीक दर्शक नलिका सारून केलेल्या क्रियेस गर्भाशयदर्शन किंवा हिस्टेरोस्कोपी अशी नावे आहेत. बोलभाषेत दोहोंनाही ‘दुर्बिणीची तपासणी’ किंवा ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतात.

छेद लहान असला की जननक्षमता आपोआप टिकते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. पोट मोठे उघडल्यास पर्युदर, म्हणजे उदरातील अवयवांवरील पातळ आवरण, कोरडे पडते, हाताळणीने व टिपकागदासारख्या वापरलेल्या कापडाने खरवडले जाते आणि बरे होताना अवयव एकमेकांस चिकटतात. अंडवाहिनीचे झालरीसारखे मोकळे टोक अशा रीतीने जखडले गेले, तर अंडाशयातून सुटलेले स्त्रीबीज टिपून घेणे तिला जमत नाही. बंद पोटातील शस्त्रक्रियेत हा धोका कमी होतो, हा लाभ खराच. परंतु अंडाशयाचा निरोगी भाग जळाला किंवा गर्भाशयाची शिवण कच्ची राहिली, तर पोटावरचा व्रण बारीक असल्याचा काहीच उपयोग नाही. शस्त्रक्रियेने झालेली इजा मोजावयाची ती कातडीवर नव्हे, तर ज्या अवयवाला पुढे कार्य करावयाचे आहे त्या अवयवावर.

इतिहास : स्त्रीरोग शस्त्रक्रियेचा आरंभ अवयव काढून टाकण्यापासून झाला. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील डॅनव्हिल येथे ईफ्रेइम मॅक्डौएल यांनी १८०९ मध्ये अंडाशयाची प्रचंड गाठ पोट उघडून काढली. शुद्धिहरणाचा शोध तेव्हा लागलेला नव्हता, तरीही रुग्ण बरी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्धिहरण व जंतुनाशन रूढ झाल्यावर ही प्रवृत्ती इतकी बळावली की, १८७२ मध्ये रॉबर्ट बॅटी यांनी घालून दिलेल्या पायंड्यानुसार निरनिराळ्या मानसिक व पाळीच्या तक्रारींसाठी निरोगी अंडाशयही काढले जाऊ लागले. या प्रवृत्तीला ठाम विरोध करणाऱ्यांत लंडनचे शल्यतज्ञ व्हिक्टर बॉनी (१८७२–१९५३) यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांच्या पत्नीचे गर्भाशय अपत्यप्राप्तीपूर्वीच काढावे लागले होते. गर्भाशय राखून केवळ गाठी काढण्याच्या तंत्राचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. एकाच गर्भाशयातून दोनशेहून अधिक गाठी काढून तो पूर्ववत शिवल्याची त्यांची नोंद प्रसिद्ध आहे. ही सर्व कामे त्यांनी पोट उघडूनच केली. जननक्षमता राखण्याचा विचार दुर्बिणीच्या आधीचा आहे, हे त्यावरून दिसते.

उदरदर्शनाचा प्रथम प्रयोग जर्मन वैद्य गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्यावर केला. मानवावर ही पद्धत स्वीडनचे हान्स क्रिस्त्यान याकोबेयस यांनी १९१० मध्ये वापरली. हंगेरीतील यानोश व्हेरेश यांनी १९३८ मध्ये क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी एक सुई तयार केली. तिचे बोथट टोक स्प्रिंगने पुढे येते व आतील अवयवास इजा होत नाही. हीच सुई पुढे पोटात वायू भरण्यासाठी जगभर वापरात आली. वंध्यत्वाच्या रुग्णांसाठी उदरदर्शनाचा पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय पॅरिसचे राउल पामेर यांना जाते; त्यांचे काम १९४० नंतरच्या दशकातील आहे. ब्रिटिश भौतिकीविज्ञ हॅरल्ड हॉपकिन्झ यांनी काचेच्या लांब दांड्यांची भिंगरचना शोधल्यावर व शीत प्रकाशाची सोय झाल्यावर आतील दृश्य स्वच्छ दिसू लागले. इंग्लंडमधील ओल्डम येथील पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ मध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांनीच उदरदर्शनाने मिळविलेल्या स्त्रीबीजापासून, रॉबर्ट एडवर्ड्‌झ यांच्या सहकार्याने, २५ जुलै १९७८ रोजी पहिले परीक्षानलिका-अपत्य जन्मास आले. पाहण्याचे हे साधन शस्त्रक्रियेचे साधन बनविण्यात कील येथील कुर्ट झेम यांचा वाटा मोठा आहे. स्त्रीरोगतज्ञ असूनही त्यांनी १९८० मध्ये दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा सामान्य शल्यतज्ञांनी त्यांच्यावर कडक टीका केली.

भारतातील इतिहासात एक विसंगती आहे. येथे दुर्बीण खेड्यापाड्यांत पोहोचली ती १९७० नंतरच्या काळात, कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून, म्हणजे जननक्षमता थांबविण्यासाठी. ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ हे नाव महाराष्ट्रात आजही नसबंदीचेच द्योतक आहे. मात्र येथेही ऊतक वाचविण्याचे तत्त्व लागू पडते. अंडवाहिनी विद्युत्‌ प्रवाहाने लांबवर जाळली असल्यास ती पुन्हा जोडणे अवघड होते. कडे किंवा चिमटा लावला असल्यास थोडाच भाग नष्ट होतो. मूल दगावल्यामुळे नसबंदी उलटवून घेण्यास आलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा काही सेंटिमीटरांचा फरक निर्णायक असतो.

तंत्र : रुग्णास पूर्ण भूल देऊन बेंबीतून सुई घालतात व पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरतात. तो जळत नाही व रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिमी. इतका ठेवतात. टेबल डोक्याकडे उतरते केल्याने आतडी वर सरकतात व श्रोणीतील, म्हणजे ओटीपोटातील, अवयव मोकळे दिसतात. निळे औषध गर्भाशयमुखातून सोडले असता ते अंडवाहिनीच्या टोकातून बाहेर येते की नाही, हे त्याच वेळी पाहता येते. सुई किंवा पहिली नळी घालताना मोठ्या रक्तवाहिनीस वा आतड्यास इजा होणे हा विरळ, पण प्राणघातक ठरू शकणारा धोका आहे. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीत तो वाढतो.

अंडाशय : जननक्षमतेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक व पुष्कळदा सर्वांत निष्काळजीपणे हाताळला जाणारा अवयव. मुलीच्या जन्माच्या वेळी दोन्ही अंडाशयांत मिळून सु. १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत ती ३ ते ४ लाखांवर येतात. नंतर त्यांत घटच होत जाते. हा साठा अंडाशयाच्या बाहेरच्या पातळ थरात असल्यामुळे पृष्ठभागावर केलेला प्रत्येक डाग त्यातून वजा होतो.

याचे ठळक उदाहरण ‘चॉकलेट गाठ’ हे होय. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक अंडाशयात वाढून दर पाळीस तेथे रक्त साठते व त्याचा रंग काळपट तपकिरी होतो. अशा गाठीचे वेष्टण सोलून काढल्यास वेदना थांबतात व गाठ पुन्हा होण्याचा संभव कमी होतो. परंतु वेष्टणाबरोबर निरोगी थरही सोलला जातो आणि रक्तस्राव थांबविण्यासाठी विद्युत्‌ दहन केल्यास हानी वाढते. शस्त्रक्रियेनंतर अँटी-म्युलेरियन हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण घटते, हे अनेक पाहण्यांत आढळले आहे. म्हणून दहनाऐवजी बारीक टाके घालणे, दोन्ही बाजूंच्या गाठी असल्यास व स्त्रीचे वय अधिक असल्यास आधी स्त्रीबीजे साठवून ठेवण्याचा विचार करणे, आणि एकदा शस्त्रक्रिया झालेल्या अंडाशयावर पुन्हा हात घालण्याची घाई न करणे, हे आज मान्य झालेले धोरण आहे. याच रोगाच्या सौम्य अवस्थेत पर्युदरावरील ठिपके नष्ट केल्याने लाभ होतो काय, याची कॅनडात ३४१ स्त्रियांवर परीक्षा झाली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार उपचार केलेल्यांत २० आठवड्यांपलीकडे टिकलेल्या गर्भधारणा ३०·७ टक्के, तर केवळ पाहणी केलेल्यांत १७·७ टक्के होत्या. पुढे इटलीतील लहान परीक्षेत असा लाभ दिसला नाही.

अंडाशयास पीळ पडल्यास तो काळानिळा दिसतो व मृत झाला असे वाटते. पूर्वी तो सर्रास काढून टाकीत. पीळ सोडविल्यास गुठळी सुटून जीव धोक्यात येईल, अशी भीती होती. ती निराधार ठरली आहे. पीळ सोडविल्यावर बहुतेक अंडाशय पुन्हा कार्य करू लागतात. रुग्ण बहुधा किशोरवयीन किंवा तरुण असतात, त्यामुळे येथे केवळ रंगावरून निर्णय करणे ही गंभीर चूक होय. बहुपुटी अंडाशयांस सुईने छिद्रे पाडण्याची पद्धत नॉर्वेत १९८४ मध्ये पुढे आली. गोळ्यांना दाद न देणाऱ्या स्त्रियांत ती उपयुक्त ठरते, पण छिद्रे मोजकीच हवीत.

गर्भाशयातील गाठी : स्नायूंच्या या सौम्य गाठींना सामान्यतः फायब्रॉइड म्हणतात. त्या असल्या म्हणजे वंध्यत्व येतेच असे नाही. बाहेरच्या बाजूस वाढलेली गाठ गर्भधारणेच्या आड सहसा येत नाही, तर पोकळीत डोकावणारी लहानशी गाठही येते. ती उदर न उघडता गर्भाशयदर्शनाने छिलून काढता येते. अमेरिकेतील रॉबर्ट न्यूवर्थ यांनी ही रीत १९७६ मध्ये वर्णिली. भिंतीतील मोठी गाठ उदरदर्शनाने काढताना खरे कौशल्य गाठ सुटी करण्यात नसून उरलेली पोकळी थराथराने शिवण्यात आहे. वरवर शिवलेला किंवा जास्त डागलेला व्रण पुढील गर्भारपणात फाटू शकतो, तेव्हा माता व बालक या दोघांच्या जिवाला धोका असतो. म्हणून गाठी पुष्कळ व खोल असतील आणि शल्यतज्ञाचा दुर्बिणीतून शिवण्याचा हात बसलेला नसेल, तर पोट उघडून बॉनी यांच्या रीतीने काम करणे अधिक सुरक्षित होय. गाठ यंत्राने बारीक करून बाहेर काढण्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला, कारण क्वचित तीत लपलेला कर्करोग पोटभर पसरतो. त्यानंतर पिशवीत घालून गाठ कापण्याची प्रथा पडली.

अंडवाहिनी व गर्भाशयपोकळी : अंडवाहिनीत गर्भ रुजल्यास ती चिरून गर्भ काढावा व वाहिनी राखावी, हे तत्त्वतः योग्य वाटते. पण दुसरी वाहिनी निरोगी असलेल्या स्त्रियांत रोगट वाहिनी काढल्यानेही पुढील गर्भधारणेत लक्षणीय फरक पडत नाही, असे २०१३ व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूरोपीय परीक्षांतून दिसले. पाण्याने फुगलेली वाहिनी तर परीक्षानलिका-उपचारापूर्वी काढणेच हिताचे असते; तिच्यातील द्रव गर्भाशयात झिरपून गर्भ रुजण्यास अडथळा करतो. राखणे म्हणजे सर्वच राखणे नव्हे. भारतात वाहिनी बंद होण्याचे एक प्रमुख कारण क्षयरोग हे आहे. अशा वाहिनीस शस्त्रक्रियेने मोकळे करण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो; आधी क्षयावर औषधोपचार पूर्ण करणे आवश्यक असते. वारंवार क्युरेटिंग केल्याने किंवा क्षयामुळे गर्भाशयाच्या भिंती एकमेकींस चिकटतात. हे चिकटलेले भाग दर्शकाखाली कात्रीने सोडविता येतात. पोकळीतील जन्मजात पडदा कापण्याविषयी मात्र २०२१ मधील एका लहान परीक्षेने शंका उपस्थित केली आहे.

कर्करोग : गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक कर्करोगात केवळ मुख व भोवतालचे ऊतक काढून गर्भाशयाचा वरचा भाग राखण्याची शस्त्रक्रिया ल्याँ येथील दानिएल दार्झां यांनी १९८७ मध्ये केली. सामान्यतः २ सेंमी. पेक्षा लहान अर्बुदांसाठीच ती योग्य मानतात. याच रोगात संपूर्ण गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीने करावी की पोट उघडून, याची आंतरराष्ट्रीय परीक्षा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण लहान छेदाच्या गटात ८६ टक्के, तर मोठ्या छेदाच्या गटात ९६·५ टक्के आढळले. हा निष्कर्ष अनपेक्षित होता व त्याने अनेक देशांतील प्रघात बदलला. किरणोपचारापूर्वी अंडाशय वर सरकवून ठेवणे किंवा रासायनिक उपचारापूर्वी त्याचा तुकडा गोठवून ठेवणे ही कामे मात्र उदरदर्शनाने सुकर झाली आहेत. अशा गोठविलेल्या ऊतकाच्या पुनर्रोपणानंतरचे पहिले अपत्य बेल्जियममध्ये २००४ साली जन्मले.

अनावश्यक गर्भाशयोच्छेदन : तंत्र सुधारले तरी ‘पिशवी काढणे’ हा सोपा मार्ग सुटलेला नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांत तरुण वयात गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार आहे, असे उघड झाल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौकशी समिती नेमली. मुकादमाकडून घेतलेली उचल, पाळीमुळे पडणारा खाडा व त्याचा दंड, फडाजवळील झोपडीत पाण्याची व शौचाची गैरसोय, आणि पांढऱ्या पदरासारख्या बऱ्या होणाऱ्या तक्रारीतून कर्करोग होईल अशी घातलेली भीती, ही त्यामागील कारणे होत. यांतील बहुतेक स्त्रियांना मुले झालेली असल्याने हानी झाली नाही, असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. अंडाशय राखले तरी गर्भाशय काढल्यानंतर रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येऊ शकते. ते काढले असल्यास ती तत्काळ येते व हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा शस्त्रक्रियांवर नियंत्रणासाठी केंद्र शासनाने केलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

गर्भाशय प्रतिरोपण : जन्मतः गर्भाशय नसलेल्या किंवा तो गमावलेल्या स्त्रीत दुसरीचे गर्भाशय बसविल्यानंतर पहिले अपत्य स्वीडनमध्ये २०१४ साली जन्मले. पुणे येथे २०१७ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. आईच्या शरीरातून दुर्बिणीच्या साहाय्याने काढलेले गर्भाशय मुलीस बसविण्यात आले व ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला अपत्य झाले. प्रतिरोपित अवयवाचा अव्हेर होऊ नये म्हणून द्याव्या लागणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम टाळण्यासाठी एक किंवा दोन अपत्यांनंतर हे गर्भाशय काढून टाकतात.