निळं कापड (भाग 9) : घडी आणि रेघ

जीन्सच्या चेनवरचा गंज या आठवड्यात घ्यायचा ठरला होता. तो पुढच्या रविवारी. आंजर्ल्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर पाऊस संपायच्या आत द्यायला हवं.

मुलगा दापोलीला कॉलेजात जातो. त्याची जीन्स पडवीतल्या नायलॉनच्या दोरीवर तिसऱ्या दिवशी कशीबशी वाळली आणि मांडीवर आडवी घडी पडली. ताईंनी इस्त्री कडक तापवून घासघासून फिरवली. घडी जागच्या जागी राहिली, वर कापडाला चकाकी आली. ‘व्हिनेगर लावू का?’ असं त्या विचारतात.

एका बाजूला जोग नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. आंजर्ल्यात जून ते सप्टेंबर कपडा खऱ्या अर्थानं वाळतच नाही. एरवी कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतं. पावसाळी दमट हवेत ते याहून बरंच वाढतं. घडीचं मूळ या पाण्यातच आहे.

कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात आणि तंतू मऊ पडतो. पाणी निघून गेलं की कापड ज्या आकारात असेल त्याच आकारात बंध पुन्हा जुळतात. जीन्स दोरीवर दुमडलेली असताना वाळली, तर ती दुमड पक्की होते. त्यात डेनिम जाड. शर्टाचं पॉपलीन चौरस मीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतं, तर 12 औंसाचं डेनिम 400 ग्रॅम. कोरड्या डेनिमवर नुसती तापलेली इस्त्री फिरवली तर वरचे धागे चेपून चकाकतात आणि आतली घडी हलतही नाही. पाण्यानं बसलेली घडी पाण्यानंच उठवावी लागते.

आता कृती. जीन्स उलटी करा. घडीवर कोमट पाण्याचा चांगला हबका मारा, जीन्स गुंडाळून टॉवेलात बांधा आणि तासभर विसरून जा. ओल धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागतोच. मग घडी हातानं ताणून सपाट करा, वर ओलं सुती फडकं घाला आणि इस्त्री दाबून धरा. उचला, पुढे ठेवा, पुन्हा दाबा. घासू नका, घासल्यानं ओलं कापड ताणलं जातं. निव्वळ सुती डेनिमला इस्त्रीच्या खुणेतले तीन ठिपके, म्हणजे 200 अंशांपर्यंतची उष्णता चालते. ताणली जाणारी जीन्स असेल तर दोन ठिपक्यांवर थांबा, कारण तिच्यातला लवचीक धागा जास्त उष्णतेनं मरतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. इस्त्री उचलताच त्या वाफाळत्या जागेवर बसायचा लाकडी पाट ठेवा. कोकणातल्या घरात फणसाचा जाड, जड पाट असतोच. कोरडं लाकूड वाफ शोषून घेतं आणि कापड सपाट राहूनच निवतं. पाट उचलाल तेव्हा त्याच्या खालची बाजू दमट लागेल. तेवढी वाफ कापडातून निघून गेली. कापड गरम असतानाच हातात घेतलंत तर घडी निम्मी परत येते. पूर्ण निवेपर्यंत हलवू नका.

ताईंच्या पत्रात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर वीज नव्हती, तेव्हा त्यांनी माळ्यावरची कोळशाची इस्त्री काढली, करवंट्यांचे निखारे भरले, आणि तेव्हा जीन्स विजेच्या इस्त्रीपेक्षा सुरेख निघत. यात नवल नाही. ती इस्त्री पाच-सहा किलोंची, आजची हलकी विजेची इस्त्री किलोभराची. शिवाय जुन्या पद्धतीत कपड्यावर पाणी मारून तो गुंडाळून ठेवणं हे ओघानंच यायचं. ओल आणि वजन ही दोन्ही कामं तिथे आपोआप होत होती.

इतकं करूनही जागेवर पांढरट रेघ दिसत राहिली तर? कापड ओलं करून सपाट ताणा आणि डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला उंचवटा लागला तर ती घडी आहे. बोटाला काही लागलं नाही आणि डोळ्यांना रेघ दिसली, तर तिथला रंग गेला आहे. नियमित वाचकांना दोरखंडाची रंगाई आठवत असेल: नीळ ताण्याच्या धाग्याला बाहेरून वेढते, गाभा पांढराच राहतो. मशीनमध्ये कोंबलेल्या जीन्सची घडी एकाच जागी घासत राहते आणि तो गाभा उघडा पडतो. गेलेला रंग इस्त्रीनं परत येत नाही.

व्हिनेगरचं उत्तरही यातच आलं. साबणाचा अंश काढायला ते थोडं उपयोगी पडतं, घडी मात्र पाणी, उष्णता आणि दाबानंच निघते. रंग पक्का करण्यासाठी व्हिनेगर किंवा मिठाचं पाणी वापरण्यातही अर्थ नाही. नीळ कापसाशी रासायनिक बंधानं जोडलेली नसते, नुसती अडकून बसलेली असते.

पुढची घडी टाळायची असेल तर जीन्स उलटी करून मोकळ्या पाण्यात धुवा आणि दोरीवर दुमडून टाकू नका. पायांच्या टोकांना चिमटे लावून, कंबर खाली सोडून टांगा. पट्टा, खिसे आणि बटणं यांचं ओलं वजन कापड वाळेपर्यंत खाली ओढत राहतं आणि इस्त्रीचं अर्धं काम तिथेच होऊन जातं. ताई, हे करून पाहा आणि कळवा. चेनचा गंज पुढच्या रविवारी नक्की.