सीताफळ: गर गोड, बी विषारी

बीड जिल्ह्यातील धारूर परिसरात बालाघाटच्या मुरमाड उतारांवर सीताफळाची झाडे रानोमाळ वाढतात. ‘धारूर ६’ हा वाण याच गावाच्या नावाने ओळखला जातो आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. माणसे ज्याचा गर चाटूनपुसून खातात, त्याच झाडाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. हा फरक झाडात तयार होणाऱ्या रसायनांमुळे पडतो.

वनस्पतीतील रसायनांचे ढोबळ दोन गट पडतात. शर्करा, स्टार्च, प्रथिने, स्निग्ध पदार्थ ही प्राथमिक रसायने; त्यांच्याशिवाय झाड जगत नाही. दुय्यम रसायने वाढीला थेट लागत नाहीत. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून ती झाडाचे रक्षण करतात. अल्कलॉइड, टॅनिन, फ्लेव्होनॉइड ही नावे या दुसऱ्या गटातली.

गरात पहिल्या गटाचे राज्य असते. खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळाने ‘डोळे उघडले’ असे म्हणतात. असे फळ तोडून अढीत घातले की इथिलीन या वायूमुळे पिकण्याला वेग येतो, स्टार्चची शर्करा होते आणि फळ मऊ पडते. शंभर ग्रॅम गरात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके आणि ३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. मधुमेह्यांनी हे फळ बेताने खावे, ते या शर्करेमुळेच.

गरात पॉलिफिनॉलही असतात. गर उघडा राहिला की एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने या पॉलिफिनॉलचे रूप पालटते आणि गर तपकिरी पडतो. तापवल्यावर तो कडवटही होतो. म्हणून बासुंदी गार झाल्यावरच तिच्यात सीताफळाचा गर घालतात. पॉलिफिनॉल आणि क जीवनसत्त्व यांना ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात. पेशीतील अस्थिर, चटकन क्रिया करणारे रेणू निष्प्रभ करणारे पदार्थ, असा त्याचा अर्थ. रोग बरा करणारे औषध असा नव्हे.

बीचा मामला वेगळा. तिच्यात ॲसिटोजेनिन नावाची, लांब कर्बसाखळीची रसायने असतात. ती सीताफळाच्या कुळातच आढळतात; त्यांतले पहिले १९८२ मध्ये याच कुळातील दुसऱ्या एका वनस्पतीत सापडले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात हे रसायन ऊर्जानिर्मितीच्या साखळीची पहिलीच कडी रोखते. ऊर्जा तुटल्याने कीटक मरतो. बियांची पूड उवांवर चालते ती यामुळेच. कीड हटवण्यासाठी शेतकरी जो दशपर्णी अर्क फवारतात, त्यातही सीताफळाचा पाला असतो.

मात्र हे विष कीटक आणि माणूस असा भेद करत नाही. उवांसाठी लावलेली पूड डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होतो, बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला इजा होते. चुकून अख्खी गिळलेली बी टणक कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. धोका असतो तो कुटलेल्या बीचा. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार बऱ्याच जणांत दिसला. लक्ष्मणफळ आणि त्याच्या पाल्याचा काढा यांच्या नित्य सेवनाशी त्याचा संबंध असावा, असे १९९९ मध्ये संशोधकांनी मांडले. सीताफळाच्या या भाईबंदातही ॲसिटोजेनिन असते.

ॲसिटोजेनिन कर्करोगाच्या पेशी मारते, हे प्रयोगशाळेतील काचपात्रात दिसले आहे. पण ऊर्जा तोडणारे द्रव्य निरोगी पेशींनाही मारू शकते. काचपात्र, प्राणी आणि मग माणसांवरील चाचण्या अशा पायऱ्या पार केल्याशिवाय कोणतेही द्रव्य औषध ठरत नाही. तेव्हा गर खावा, बी टाकून द्यावी. बियांची पूड किंवा पाल्याचा काढा पोटात घेऊ नये.